आमच्या घरचा कर

अर्थशास्त्राच्या तासाला अर्थसंकल्प चालू होता. एक वर्गमित्र म्हणाला, "देश करदात्यांच्या पैशावर चालतो, बाकीचे नुसते बसून खातात." मी गप्प राहिलो. माझे वडील हमाली करतात. प्राप्तिकराचा फॉर्म आमच्या घरात कधी आलेला नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. अंगाच्या साबणावर तो १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. म्हणजे साबणाची वडी घेणारी माझी आईही करदातीच की!

जमेपेक्षा खर्च वाढला की सरकारलाही आपल्यासारखेच कर्ज काढावे लागते. या तुटीला आळा घालण्यासाठी २००३ मध्ये कायदा झाला. तरीही करोनाच्या २०२०-२१ या वर्षी ती देशाच्या स्थूल उत्पादनाच्या ९ टक्क्यांवर गेली. ती नुसत्या काटकसरीने भरत नाही. सर्वांनीच खरेदी थांबवली, तर धंदा बसेल आणि करही आटेल. मात्र पावती मागणे आपल्या हाती आहे. पावतीवाचून दिलेला कर तिजोरीत पोचेलच असे नाही. पोस्टात टाकलेली अल्पबचतही सरकारच्या कर्जाऊ उपयोगी पडते.

आई आता दुकानात पावती मागते. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवतो. त्या मित्राला तेव्हा उत्तर देता आले नाही, ते आज या पानावर देत आहे.