जिगवरील चमकी आणि पावडर पेंटची उष्णता

गळाच्या दांड्यावर शिशाचे छोटे डोके ओतून, त्यावर रंग चढवून आणि मागे पिसे, केस किंवा रबराची शेपटी बांधून जे कृत्रिम आमिष तयार होते, त्यास जिग असे म्हणतात. पाण्यात ते झटक्याने वर उचलले आणि सैल सोडले की भेदरलेल्या लहान माशाचा आभास निर्माण होतो व खाडीतील जिताडा, तांबोशी यांसारखे शिकारी मासे त्याच्या मागे लागतात. हा आभास अधिक खरा वाटावा, खवल्यांची झळाळी त्यात उतरावी, म्हणून घरी जिग बनवणाऱ्या हौशी मंडळींना रंगात चमकी मिसळण्याचा मोह होतो. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट या परिसरातील हस्तकलेच्या सामानाच्या दुकानांत मिळणारी चमकी स्वस्त असते, गणपतीच्या मखरासाठी किंवा नाताळच्या चांदण्यांसाठी आणलेली पुडी अनेकदा घरात उरलेलीही असते. परंतु तीच पुडी पावडर पेंटच्या बरणीत उलटी केल्यास बहुधा रंग, चमकी आणि जिग या तिन्हींची नासाडी होते, असा या छंदातील अनुभव आहे.

या नासाडीचे कारण समजण्यासाठी प्रथम पावडर पेंट म्हणजे काय हे पाहणे आवश्यक आहे. नेहमीचा रंग द्रवरूप असतो आणि त्यातील द्रावक उडून गेल्यावर वाळतो. पावडर पेंट मात्र राळ, रंगद्रव्य आणि घट्ट करणारे द्रव्य यांची कोरडी, बारीक भुकटी असते, जी तापलेल्या धातूवर प्रथम वितळून पसरते आणि नंतर उष्णतेतच तिचे रासायनिक बंध जुळून कठीण कवच बनते. या दुसऱ्या टप्प्याला रंग पिकणे असे म्हणता येईल. जिगसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक भुकट्यांना त्याकरिता सुमारे १७५ ते २०० अंश सेल्सियस तापमान आणि साधारण १५ ते २० मिनिटांचा अवधी लागतो. भुकटी नुसती वितळवून सोडून दिल्यास जिग चकचकीत दिसते खरे, पण पहिल्याच खडकावर आपटताच रंगाचा टवका उडतो. म्हणजेच चमकी वाचवण्यासाठी उष्णता कमी करण्याची पळवाट येथे उपलब्ध नाही.

हस्तकलेची चमकी ही प्लास्टिकच्या पातळ पटलावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर देऊन, त्यावर रंगीत लेप चढवून, मग त्या पटलाचे बहुधा षटकोनी कण कापून तयार केली जाते. हे पटल दोन प्रकारचे असू शकते. एक पीव्हीसीचे, जे सुमारे ८० अंशांनाच मऊ पडू लागते आणि रंग पिकण्याच्या तापमानाजवळ विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा डोळे व श्वासनलिका जाळणारा वायू सोडू शकते. दुसरे पॉलिएस्टरचे, म्हणजे पाण्याच्या बाटल्या ज्यापासून बनतात त्या पीईटीचे, जे सुमारे २५० अंशांपर्यंत वितळत नाही. डबीवर केवळ ‘ग्लिटर’ एवढेच छापलेले असल्यास यांपैकी कोणते प्लास्टिक आत आहे हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. शिवाय पटल पीईटीचे असले तरी वरचा रंगीत लेप उष्णता सोसेलच असे नाही. मुळात कागद आणि गोंद यांच्यासाठी बनवलेल्या वस्तूकडून भट्टीची अपेक्षा कोणी केलेली नसते.

अयोग्य चमकी असलेले जिग भट्टीतून काढून भिंगाखाली धरल्यास बिघाडाचा सारा क्रम दिसतो. षटकोनाचे कोपरे प्रथम आत वळलेले असतात, काही कण आक्रसून टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके झालेले असतात, लाल किंवा हिरव्या कणाभोवती पांढऱ्या रंगात पिवळसर कडे उमटलेले असते, आणि जेथे कण उभा राहिला तेथे रंगाच्या कवचातून त्याची धार बाहेर आलेली असते. ही शेवटची गोष्ट कणाच्या आकाराशी निगडित आहे. पावडर पेंटचे कवच साधारण ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जाड नसते, तर हस्तकलेच्या भरड चमकीचा कण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असू शकतो. तो आडवा बसला तरच झाकला जातो. उघड्या राहिलेल्या धारेतून खारे पाणी ॲल्युमिनियमच्या थरापर्यंत पोहोचते आणि चमक काळवंडते. म्हणून उष्णता सोसणारी पॉलिएस्टरची आणि सुमारे ०.१ ते ०.२ मिलिमीटर आकाराची बारीक चमकीच या कामास योग्य ठरते.

चमकीची परीक्षा सोपी आहे आणि ती प्रत्येक नव्या डबीसाठी, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्रपणे करावी. ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या तुकड्यावर चिमटीहूनही कमी चमकी पातळ पसरून ती रंग पिकण्याच्या तापमानात २० मिनिटे ठेवावी आणि थंड झाल्यावर न तापवलेल्या चमकीशेजारी ठेवून पाहावी. आकार, रंग किंवा झळाळी यांपैकी एकातही फरक पडला असेल तर ती डबी पुन्हा मखराच्या कामाला द्यावी. छोट्या ओव्हनची कळ दाखवते त्यापेक्षा आतील तापमान बरेच वेगळे असू शकते, म्हणून आत स्वतंत्र तापमापक ठेवावा, आणि तापणाऱ्या तारेचा थेट झोत जिगवर पडू नये यासाठी मध्ये फॉइलचा आडोसा करावा. चमकी जाळून पाहण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये, कारण पीव्हीसीचा धूर घातक असतो.

परीक्षेत उतरलेली चमकीही रंगाच्या मूळ बरणीत मिसळू नये. घरगुती कामात बरणीच्या तळातून मत्स्यटाकीच्या छोट्या पंपाने हवा सोडून भुकटी तरंगती ठेवतात, ज्यास फ्लुइड बेड म्हणतात. सुपात धान्य पाखडताना कोंडा जसा निराळा होतो, तशी या हवेत ३० ते ५० मायक्रॉनची भुकटी आणि तिच्याहून कितीतरी मोठी, चपटी चमकी एकमेकींपासून फुटून निघतात, आणि पहिल्या जिगवर चमकीचा गठ्ठा तर नंतरच्या जिगवर एकही कण नाही अशी स्थिती होते. याशिवाय अपारदर्शक रंगात मिसळलेली बहुतांश चमकी त्या रंगाखालीच गाडली जाते. यावर उपाय असा की शिशाचे डोके तापवून प्रथम नुसत्या रंगात बुडवावे, तो रंग ओला दिसत असतानाच बारीक चाळणीतून किंवा मऊ कुंचला टिचकीने झटकून वरून विरळ चमकी पेरावी, नंतर पारदर्शक भुकटीचा पातळ थर द्यावा, गळाचे नेढे गरम असतानाच सुईने मोकळे करावे आणि मगच सर्व ओव्हनमध्ये पिकू द्यावे. चमकी लागल्यानंतर जिग पुन्हा उघड्या ज्योतीवर धरू नये, कारण ज्योत पीईटीलाही जाळते. ज्यांच्याजवळ योग्य चमकी नाही, त्यांनी रंग पूर्ण पिकवून थंड झाल्यावर चमकीचे पारदर्शक नेलपॉलिश किंवा दोन भागांचे इपॉक्सी वरून लावावे. त्याला उष्णता लागत नसल्याने हस्तकलेची साधी चमकीही तेथे चालते.

धातूविषयीची एक दक्षताही येथे सांगितली पाहिजे. शिसे सुमारे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे ते रंगाच्या भट्टीत टिकते. पण शिसे विषारी असल्याने त्याऐवजी बिस्मथ आणि कथील यांचा मिश्रधातू वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याचे ५८ टक्के बिस्मथाचे प्रचलित मिश्रण १३८ अंशांच्या आसपासच वितळते, म्हणजे रंग पिकण्याआधी डोकेच ओघळते. शुद्ध कथिलाचा वितळणबिंदू २३२ अंश असल्याने तापमान काटेकोर सांभाळल्यास ते टिकू शकते. रंगाच्या दुकानातील चंदेरी ॲल्युमिनियम भुकटी चमकीऐवजी वापरण्याचा विचारही करू नये. ती हवेत उडाली आणि जवळ ज्योत असली तर स्फोट होऊ शकतो. पावडर पेंटची धूळही हवेत दाट झाली तर पेट घेते, म्हणून तापवण्याची ज्योत आणि उघडी बरणी यांच्यात अंतर असलेच पाहिजे.

हा इशारा मुंबईतील गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या वस्तीत अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि त्यांतून लाकडी जिने, लाकडी सज्जे व कौलारू छपरे असलेली घरे उभी राहिली; एके काळी सुमारे ६५ असलेल्या या घरांपैकी आज निम्म्याहून कमी उरली आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की आग लागल्यास बंब दारापर्यंत नेणे अवघड, आणि घरे इतकी लगत आहेत की एका सज्ज्यातील ठिणगी शेजाऱ्याचीही होते. अशा घरात स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची मशाल लावून, माळ्यावर किंवा जिन्याखाली हे काम करणे सर्वथा अयोग्य आहे. ते फरशीच्या मोकळ्या अंगणात, वाळूची बादली जवळ ठेवून करावे. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नये. भुकटीतील वाफा आणि शिशाची धूळ पदार्थांत उतरू शकतात, आणि मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. मुंबईच्या पावसाळ्यात साच्यात ओल राहिली तर ओतलेले शिसे वाफेने उसळून अंगावर उडते, आणि दमट हवेने भुकटीचेही गोळे होतात. तेव्हा ओतण्याचे व रंगवण्याचे काम पावसाळ्यानंतरच करणे हितावह.

शेवटी समुद्राचाही विचार करणे प्राप्त आहे. ब्रिटनने हंसांच्या मृत्यूंमुळे १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली, तर युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीची विक्री रोखली, कारण तिचे कण सूक्ष्म प्लास्टिक म्हणून पाण्यात कायम राहतात. हात धुताना किंवा फरशी पुसताना मोरीत गेलेली चमकी गिरगावच्या चौपाटीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून काम जुन्या वर्तमानपत्रावर करावे, सांडलेली चमकी ओल्या कापडाने गोळा करून कचऱ्यात बंद पुडीतून टाकावी, आणि जिगवर आवश्यक तेवढीच, पारदर्शक थराखाली पक्की झाकलेली चमकी ठेवावी. ज्या उष्णतेत रंग पिकतो ती उष्णता ज्या चमकीने फॉइलवर सोसून दाखवलेली नाही, तिला जिगवर जागा देऊ नये, एवढे पथ्य या छंदातील प्रत्येकाने पाळावे.