अंगण, कुरण आणि शिक्षिका

निसर्गाच्या सान्निध्यात बालशिक्षण देऊ इच्छिणाऱ्या शिक्षिकेपुढील पहिला प्रश्न साधनांचा नसून तिच्या स्वतःच्या हेतूचा असतो. मुलांना उघड्यावर नेले म्हणजे शिक्षण नैसर्गिक झाले, अशी समजूत सहज होते. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळ (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो) या समजुतीची पारख फार पूर्वीच झाली आहे.

ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सहभागी झाल्या. माँटेसरी पद्धतीचा त्यांचा अभ्यास तेथे दृढ झाला. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालमंदिरातील घोटीव लाकडाची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांनी त्यांची जागा घेतली. येथे निसर्ग आला तो गरजेपोटी, शोभेसाठी नव्हे.

तरीही गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. पालकांच्या अडाणीपणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. शिक्षिकांनी तसे न करता वस्तीत जाऊन तेथील अंगणातच बालवाडी भरवली. त्यातून रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचला.

१९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा अडचण अधिक बिकट झाली. वारल्यांची मोठी मुले गुरे राखीत आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. धाकट्याला कडेवर घेऊनच बहीण शाळेत येऊ लागली. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणात गेली. गुरांकडे एक डोळा ठेवून शिकणाऱ्या मुलाला निसर्गाची ओळख करून देण्याची गरज नव्हती. झाडापाखरांविषयी कित्येकदा त्यालाच अधिक ठाऊक असे! अशा ठिकाणी शिक्षिकेला आपला मोठेपणा काही काळ बाजूला ठेवावाच लागतो.

कुरण नसलेल्या नगरांत हे परीक्षण अधिक कठीण आहे. दिल्लीतील द्वारका हे सेक्टरांत आखलेले उपनगर. तेथील उद्यानात कडुनिंब आहे, मुंग्यांची रांग आहे, टिटवीची हाकही कानी येते. परंतु शिक्षिका प्रत्येक वस्तूचे नाव स्वतःच सांगत सुटली, तर वर्गाच्या केवळ भिंती गळून पडतात. वर्ग तोच राहतो. शिवाय उद्यानात येणारी मुले कोणाची आणि न येणारी कोणाची, हेही तिने पाहिले पाहिजे. जवळच्या बांधकामावरील मजुराचे मूल या निसर्गशिक्षणात कोठे बसते?

यासाठी तिने आठवडाभर साधी टिपणवही ठेवावी. किती प्रश्न मुलांनी विचारले व किती तिने, कोणते मूल गप्प राहिले, मुंग्या पाहण्यात रमलेल्या मुलाला तिने कोणत्या कारणाने उठवले आणि ते कारण मुलाच्या सोयीचे होते की तिच्या, एवढे त्याच दिवशी लिहिले तरी पुरे.