सेन्सर गेला की वायर ढिली?
(ऊस वाहतुकीचे जुने ट्रक बाळगणाऱ्या सभासदांसाठी)



तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते आणि उताराही पडतो. अशा ऐन वेळी हसनाबादच्या शिवारात भरलेला ट्रक बंद पडला की पहिला शब्द कानावर येतो, "सेन्सर गेला!" लगेच नवा सेन्सर आणतात, पण गाडी काही जागची हलत नाही. रोग हल्याला अन् औषध पखालीला! म्हणून आधी तपासा, मग खर्च करा, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

प्रथम आपली गाडी ओळखा. साध्या डिझेल पंपाच्या जुन्या गाडीत इंजिन चालवायला सेन्सर लागतच नाही. तेथे डिझेल, फिल्टर आणि लाईनीतली हवा पाहावी. स्पीडोमीटर केबलवर असेल तर केबल तुटली का ते पाहावे. भारत स्टेज-४ नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत मात्र इंजिनचा कारभार संगणकाकडे असतो.

अशा गाडीत फ्लायव्हीलजवळचा सेन्सर इंजिनचे फेरे मोजतो. स्टार्टर जोमाने फिरतो, इंजिन घेत नाही आणि फेऱ्यांचा काटाही हलत नाही, तर या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर संशय घ्यावा. इंजिन तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर हा संशय बळावतो.

वेगाचा सेन्सर बहुधा गिअरबॉक्सवर असतो. फेऱ्यांचा काटा चालतो पण वेगाचा मेला, तर तिकडे पाहावे. दोन्ही काटे मेले तर आधी फ्यूज आणि मीटरची अर्थिंग पाहावी.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) बॅटरीचे टर्मिनल व चॅसीची अर्थिंग घट्ट आणि स्वच्छ आहे का?

२) चावी बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा. पाणी, गंज, वाकलेली पिन पाहा. हंगाम संपल्यावर गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तेव्हा उंदीर वायरी कुरतडतात.

३) सेन्सर बाहेर काढून टोक पुसा. त्यावर लोखंडाचा कीस चिकटला की खूण नीट मिळत नाही. बसवताना अंतर बरोबर ठेवा.

४) दोन वायरींच्या कॉईलवाल्या सेन्सरचा रोध मीटरने मोजून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडा. तीन वायरींचा असेल तर रोध मोजू नये. चावी चालू करून त्याला वीज पोचते का ते पाहावे.

कॉम्प्युटर लावून कोड निघाला म्हणजे सेन्सरच खराब, असे नव्हे. कोड फक्त कोणती लाईन बिघडली ते सांगतो. ती वायरही असू शकते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ऑईलच्या दाबाचा दिवा लागला तर "सेन्सरच खोटा असेल" म्हणून गाडी पुढे दामटू नका. इंजिन तत्काळ बंद करा, ऑईलची पट्टी पाहा. पातळी बरोबर असली तरी साध्या गेजने दाब मोजल्याशिवाय इंजिन चालवू नये. सेन्सर बदलता येतो. बेअरिंग धरले तर हंगामाची कमाई त्यातच जाते.

ट्रॉली-चॅसीला वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी सोडवाव्यात, नाही तर संगणक जळण्याचा धोका असतो. गळीत सुरू होण्यापूर्वी एक दिवस काढून एवढी तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी, ही विनंती.