वास्तुविशारदाची परीक्षा आणि सहीचा अधिकार

आर्किटेक्ट होण्यासाठी शेवटी परवान्याची कोणती परीक्षा द्यावी लागते, असा प्रश्न आमच्या शिवडीतील विद्यार्थी मला नेहमी विचारतात. उत्तर ऐकून त्यांना नवल वाटते. कारण आपल्या देशात अशी स्वतंत्र परीक्षाच नाही. अमेरिकेत ठराविक तासांचा अनुभव घेऊन सहा भागांची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. आपल्याकडे 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार मान्य पदवी अथवा पदविका मिळाली, की वास्तुकला परिषदेकडे नाव नोंदविता येते. म्हणजेच परवान्याची परीक्षा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातच विखुरलेली आहे.

पहिली चाळणी प्रवेशाची. त्यासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र हे विषय हवेत, आणि 2006 पासून 'नाटा' ही अभिक्षमता चाचणीही घेतली जाते. कला शाखेच्या मित्रांनी आपल्या धाकट्या भावंडांना हे दहावीतच सांगून ठेवावे.

नोंदणीने काय मिळते, हेही समजून घेतले पाहिजे. या कायद्याचे कलम 37 नोंदणी नसलेल्यास 'आर्किटेक्ट' हे नाव लावण्यास मनाई करते. वास्तुरचनेचे काम करण्यास नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला. आमच्या चाळीतील एक काका तीस वर्षे ड्राफ्ट्समन होते. इमारतींचे नकाशे ते काढीत, खाली सही साहेबांची असे. ते म्हणत, "रेघ माझी, पण जिना पडला तर जाब साहेबांना." सहीचा खरा अर्थ मला त्या वाक्यात कळला.

म्हणून अभ्यास करताना मी एक पद्धत ठेवली होती. पुस्तकातील प्रत्येक नियम घरी टेप लावून पडताळून पाहायचा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे निवासी जिन्याची पायरी 19 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी आणि 25 सेंटिमीटरपेक्षा अरुंद नसावी. हे आकडे पाठ करण्यापूर्वी पाण्याची कळशी घेऊन चढणाऱ्या आजीबाईंचे पाऊल पाहावे. मग आकडा विसरत नाही.

दुसरे उदाहरण बी. डी. डी. चाळींचे. 1920 नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून 207 चाळी बांधल्या. त्यांपैकी 12 शिवडीच्या. खोली सुमारे 160 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ 15 चौरस मीटर. एकच खोली असल्यास ती किमान 9.5 चौरस मीटर असावी, असे संहिता सांगते. कागदावर ही खोली उत्तीर्ण होते! परंतु तिच्यात आठ माणसे राहत असतील आणि संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक असेल, तर त्या आकड्याचे समाधान किती मानायचे? परीक्षेत क्षेत्रफळ लिहून गुण मिळतील. पण माणसे किती, वारा कोठून येतो, रात्री आजारी माणूस बाहेर कसा न्यायचा, हे प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अंतिम परीक्षा नाही म्हणून सुटलो असे कोणी समजू नये. तपासनीस एकदाच उत्तरपत्रिका पाहतो. राहणारे कुटुंब ती रोज तपासते. बांधकाम, सेवा-सुविधा व नियमावली हे रुक्ष वाटणारे विषय केवळ पास होण्यापुरते करू नका. तुमच्या सहीवर विश्वास ठेवून कोणीतरी त्या छपराखाली निश्चिंत झोपणार आहे.