सतरंजीला औषध मारण्याआधी

दिवाळीची सफाई निघाली, की करमाडात डांबरगोळ्यांच्या पुड्या घरोघर येतात. कोणी तर शेतातली उरलेली पावडरच सतरंजीखाली भुरकतो. कसर लागू नये, एवढाच त्याचा हेतू. पण त्याच सतरंजीवर रात्री तान्हे लेकरू निजते. म्हणून हा धडा.

आधी पाहा, आपले अंथरूण कशाचे आहे. कसर म्हणजे एका बारीक पाखराची अळी. पाखरू काही खात नाही, खाते ती अळी. तिला लोकर, रेशीम, केस, पिसे लागतात. घोंगडी ती आवडीने खाते. स्वच्छ सुती सतरंजी तिचे खाणेच नव्हे. मग तिला औषध कशाला? खात्री नसेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. कागद जळल्यासारखा आला तर सूत.

आता डांबरगोळी. ती दिवसेंदिवस लहान होत जाते. जाते कुठे? तिची वाफ होते आणि बंद खोलीत ती आपणच हुंगतो. काही लेकरांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांनी त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. ही उणीव वरून दिसत नाही. तान्ह्याच्या अंथरुणात डांबरगोळी ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोराने पेपरमिंट समजून ती गिळली, तर दूध-तेल पाजू नका. पुडी बरोबर घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

शेताचे औषध तर घरात नकोच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. आणि ते उघड्या रानात! पूर्वी बीएचसी पावडर सर्रास वापरत. ती मातीत वर्षानुवर्षे टिकते, अंगातल्या चरबीत साठते. आपल्या देशात १९९७ साली तिच्यावर बंदी आली. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल, तर तो उघडू नका. ओढ्यात तर मुळीच ओतू नका. कृषी सहायकाला दाखवा.

तुम्ही आता वाचायला शिकलात, तर डब्यावरचे वाचा. कीटकनाशकावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्याचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे बरं का, कमी जहाल एवढेच.

डाग न धरणारे गालिचेही शहरात मिळतात. त्यांवर पाणी सांडले तर थेंब घरंगळतो. अशा काही लेपांतली द्रव्ये माती-पाण्यात कुजतच नाहीत. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने असे एक द्रव्य बंद करण्याचे २००० साली जाहीर केले. विकणाऱ्याला विचारा, लेप कशाचा? सांगता आले नाही, तर साधी सतरंजी घ्या.

आणि घोंगडीचे काय? अळीला उजेड सोसत नाही. घोंगडी कडक उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी काठीने झोडा, घड्यांच्या जागी ब्रश फिरवा. अंडी तिथेच असतात. मग वाळलेला निंबाचा पाला घालून घट्ट बांधा. नुसत्या पाल्याने अंडी मरत नाहीत, म्हणून महिन्या-दीड महिन्याने पुन्हा ऊन द्या.