गेलेल्या माणसांबद्दल एक पत्र

घरातले माणूस गेले की पहिले काही दिवस पाहुण्यारावळ्यांत निघून जातात. मग घर रिकामे होते. रात्री दिवा मालवला की मनात एकच विचार येतो. आपले माणूस आता कुठे असेल? पुन्हा भेट होईल का?

हा प्रश्न कुणाला चुकला नाही. निरनिराळ्या धर्मांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आपल्याकडे वसईला, अहिल्यानगरकडे पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ही मंडळी आपले माणूस बहुधा पुरतात आणि कबरीवर क्रूस उभा करतात. त्यामागे त्यांची काय श्रद्धा आहे? ती समजावी म्हणून आम्ही एका जुन्या पत्राची गोष्ट सांगतो.

ग्रीस देशात समुद्रकाठी थेस्सलनीका नावाचे शहर आहे. सुमारे 1950 ते 2000 वर्षांमागे, म्हणजे इसवी सन 50 च्या सुमारास, तिथे पौल नावाचा एक प्रचारक आला. तो तंबू बनवणारा कारागीर होता. हाताने काम करून पोट भरायचे आणि लोकांना येशू ख्रिस्ताची शिकवण सांगायची, असा त्याचा क्रम. येशूला क्रुसावर मारले, पण देवाने त्याला तिसऱ्या दिवशी जिवंत उठवले, आणि एक दिवस तो परत येणार आहे, असे पौल सांगे. काही लोकांना ते पटले. पण शहरात दंगा झाला. पौलाला रातोरात निघून जावे लागले.

मागे राहिलेली माणसे येशूची वाट पाहू लागली. आज येईल, उद्या येईल. तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसे वारली. मग बाकीच्यांना काळजी लागली. येशू येईल तेव्हा आपण असू, पण जे आधीच गेले त्यांचे काय? ते मागेच राहणार की काय?

पौल तेव्हा दूर करिंथ शहरात होता. त्याचा सोबती तीमथ्य थेस्सलनीकाची खबर घेऊन आला. पौलाने लगेच पत्र लिहिले.

पत्रात त्याने काय सांगितले? गेलेल्या माणसांना तो झोपी गेलेले म्हणतो. झोपलेला माणूस पुन्हा उठतो, तसे हेही उठतील. येशू येईल तेव्हा गेलेले विश्वासणारे आधी उठतील. मग जिवंत असलेले त्यांना मिळतील. पुढे सगळे मिळून कायम प्रभूजवळ राहतील. कुणी मागे राहणार नाही.

याला ख्रिस्ती लोक पुनरुत्थान म्हणतात. पुनरुत्थान म्हणजे मेलेल्याने पुन्हा उठणे. पण हा पुनर्जन्म नव्हे. जीव दुसऱ्या योनीत जातो असे ते मानत नाहीत. तेच माणूस नव्या, न मरणाऱ्या देहाने उठेल, असे मानतात.

मग देह जाळला तर? रोमन कॅथलिक चर्चने 1963 साली दहनाला परवानगी दिली. देह मातीत जावो की अग्नीत, उठवणारा देव आहे, असे ते म्हणतात.

मरणापासून त्या दिवसापर्यंत आत्मा कुठे असतो? याविषयी सगळ्या ख्रिस्ती पंथांचे एकमत नाही. कॅथलिक मानतात की पुष्कळ आत्म्यांना स्वर्गात जाण्याआधी शुद्ध व्हावे लागते. म्हणून ते गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. 2 नोव्हेंबरला कबरी साफ करून त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. प्रॉटेस्टंट पंथांना ही शुद्धीची जागा मान्य नाही. विश्वासणारा मरताच ख्रिस्ताजवळ जातो, असे त्यांच्यातले बहुतेक मानतात. काही पंथ म्हणतात, आत्मा त्या दिवसापर्यंत निजलेलाच असतो.

शेवटी न्याय होतो, हे मात्र सगळे मानतात. भुकेल्याला जेवू घातले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, हे तेव्हा पाहिले जाईल, असे येशूने शिकवले.

कुणी म्हणेल, एवढी आशा आहे तर रडायचे कशाला? पण पौलाने रडू नका असे लिहिले नाही. आशाच नसलेल्यांसारखे दुःख करू नका, एवढेच सांगितले. येशूचा मित्र लाजर वारला तेव्हा येशू स्वतः रडला. बायबलात तसे लिहिले आहे. तेव्हा ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी दुःख झाले तर आपण जाऊन जवळ बसावे. त्यांची आशा मोठी असली, तरी त्यांचे घर आपल्यासारखेच रिकामे झालेले असते.

पौलाने त्या पत्रात आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, स्वर्गाची वाट पाहत रिकामे बसू नका, आपल्या हातांनी काम करा. दुसरी, हे पत्र सगळ्यांना वाचून दाखवा. त्या काळी वाचता येणारे थोडे होते. कुणीतरी मोठ्याने वाचले असेल आणि दुःखी माणसांनी कान देऊन ऐकले असेल. आता आपल्याला वाचता येते. आपणही घरातल्या कुणाला हा धडा वाचून दाखवू या.

विचार करा, सांगा
1. थेस्सलनीकाच्या लोकांना कसली काळजी लागली होती?
2. पुनरुत्थान आणि पुनर्जन्म यांत फरक काय?
3. तुमच्या गावात दुःखाच्या घरी शेजारी काय मदत करतात?