लांबलचक इंग्रजी शब्द फोडायचा कसा?

इंग्रजी पेपर, वही, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. शब्दकोश जवळ असू द्या, पण मिटलेला!

१. पेपरातला एकच लांब शब्द निवडा. समजा, 'डिसअग्रीमेंट' सापडला.

२. तो वहीत सुट्या अक्षरांत लिहा. रोमन लिपीतच हं. फोड स्पेलिंगची करायची आहे, उच्चाराची नाही.

३. आधी शेवटचा तुकडा, म्हणजे प्रत्यय, पकडा. 'मेंट'च्या अलीकडे उभी रेघ मारा.

४. आता सुरुवातीचा उपसर्ग. 'डिस'नंतर दुसरी रेघ.

५. मधे उरलेलं वाचा: 'अग्री'. हा शब्द एकटा उभा राहतो, म्हणजे फोड जमली. 'अंकल'मधला 'अन' काढलात, तर हाती काहीच लागत नाही. तसं झालं की रेघ खुशाल खोडा.

६. उरलेल्या शब्दाचं स्पेलिंग तपासा. 'अग्री' जसाच्या तसा आहे. पण 'हॅपिनेस'मध्ये 'हॅपी'चा वाय जाऊन आय आलेला असतो. तो परत वाय करायचा.

७. मुळाचा अर्थ लिहा: सहमत होणे.

८. त्याला उपसर्गाचा अर्थ जोडा. 'डिस' म्हणजे इथे उलट, सहमत नसणे. 'अन' नकार देतो, 'री' म्हणजे पुन्हा, 'मिस' म्हणजे चुकीचं. 'इन'ही बहुधा नकारच देतो, फक्त रूप बदलतो: इम्पॉसिबल, इररेग्युलर, इल्लीगल. शेवटच्या दोघांत उपसर्गाच्या जोडावर आर आणि एल लागोपाठ दोनदा येतात, एक गाळू नका. आणि टँकरवर 'इनफ्लेमेबल' दिसलं, तर 'पेट न घेणारं' असं बिलकूल समजू नका. ते चटकन पेट घेतं! इथला 'इन' नकाराचा नव्हे.

९. शेवटी प्रत्ययाचं काम बघा. 'मेंट' आणि 'नेस' नाम करतात, 'एबल' आणि 'लेस' विशेषण. 'ली' बहुधा क्रियाविशेषण करतो, पण 'फ्रेंडली' विशेषणच आहे. आपल्याकडे 'मेंट' आहे, म्हणून अर्थ झाला: असहमती, मतभेद.

१०. तो अर्थ बातमीतल्या वाक्यात घालून वाचा. खटकला, तर पाचव्या पायरीवर परत या.

११. आता शब्दकोश उघडा आणि पडताळा.

पुढचा शब्द तुमचा: 'मिसअंडरस्टँडिंग'. फक्त 'अंडरस्टँड'वर थांबा. त्याचे आणखी तुकडे केलेत, तर अर्थाची बेरीज लागणार नाही.